यालमारचं सरपण

फोनवर तो म्हणाला, शेगडी आजारी आहे.
मी म्हटलं, येते. ब्रश, आरसा, टॉर्च घेऊन येते.
सेन्या बेटावर नोव्हेंबरात
दुपारी दोनलाच दिवस आवरायला घेतो;
मी पोचले तेव्हा फ्योर्डचं पाणी शिशासारखं झालेलं
आणि धुराड्यातून निघणारा धूर
वर जायचं सोडून छपरावरून खाली घसरत होता,
ओशाळल्यासारखा.

काच पार काळी. आत ज्योत होती खरी,
पण कामावर उशिरा आलेल्या माणसासारखी
कोपऱ्याकोपऱ्याने चालणारी.
यालमार स्वयंपाकघरात कानटोपी घालून.
सदतीस वर्षं फेरीबोटीचं इंजिन सांभाळलेला माणूस.
तीनशे घोडे मी एका हाताने पळवले, म्हणाला,
आणि हा बिडाचा डबा मला जुमानत नाही.
बायको, गुनवोर, ट्रॉम्सोला. खुबा बदलून घेतलेला.
शुक्रवारी घरी येणार.
शेगडीचं खातं तिच्याकडे होतं,
हे त्याने दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा जरा हळू.

मग मी माझं काम केलं.
छपरावर चढून ब्रश खाली सोडला:
काजळी बादलीभर, चकचकीत, डांबरासारखी,
पण नळी तुंबलेली नव्हती. पक्ष्याचं घरटंही नाही.
झडप फिरत होती, जराशी कुरकुरत.
आतली एक वीट तडकलेली; तेवढं चालतं.
दारात कागदाची पट्टी धरून ओढली,
ती सहज हातात आली.
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात;
दाराच्या खाचेतल्या दोराचं उलटंच,
सुंभ धडधाकट, पीळ तेवढा गेलेला.
नवा दोर बसवला. खिडकी बोटभर उघडून पाहिली,
घराचा श्वास कोंडलाय का म्हणून.
थंडी आत आली. जाळ होता तिथेच.

म्हणजे? त्याने विचारलं,
डॉक्टरसमोर बसल्यासारखं.
सरपण बघू, म्हटलं.

ते दाखवताना मात्र तो वीतभर उंच झाला.
शेडच्या भिंतीलगत भूर्जाची रास,
एकेक ढलपी मापाची, साल वरच्या अंगाला,
कडा ओळंबा लावून बघाव्यात अशा.
येणारेजाणारे फोटो काढतात.
आणि या सगळ्यावर निळी ताडपत्री,
वरून, बाजूंनी, खाली दुमडून, दोरीने आवळलेली,
वसंतापासून.
मी गाठ सोडली. तळघराचा आंबट वास आला.
ताडपत्रीच्या पोटाला घाम सुटलेला.
दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या.
वाळलेलं लाकूड खणकन उत्तर देतं.
या नुसत्या हुंकारल्या.

पाऊस लागू नये म्हणून बांधली, तो म्हणाला.
गुनवोर म्हणायची, डोकं झाक, कुशी मोकळ्या ठेव.
मला वाटलं, तिला गाठी मारता येत नाहीत
म्हणून म्हणते.

मी भांडी घासायचा साबण मागितला.
ढलपीच्या एका टोकाला फासला,
म्हटलं, दुसऱ्या टोकाला तोंड लाव आणि फुंक.
तो फुंकत राहिला. कानापर्यंत लाल झाला.
साबण निपचित.
मग दारामागचा ठेंगणा ओंडका उचलला,
ज्यावर बसून गुनवोर बूट काढते,
आठदहा हिवाळे घरात राहिलेला.
पुन्हा साबण, पुन्हा फुंकर,
आणि पलीकडे फेस आला,
मोहरीएवढे फुगे, मग एक बोराएवढा.
सत्तरी ओलांडलेला माणूस
लाकडावरून तोंड न काढता
भुवयांनीच मला विचारत होता, येतायत का?
येतायत, म्हटलं.

हाही जाळायचा?
नको. हा राहू दे.

रास आम्ही मोकळी केली, वाऱ्याकडे तोंड करून.
पुढच्या हिवाळ्यापर्यंत येईल तिला शहाणपण.
माझ्याकडचं दोन वर्षांचं सरपण, अर्धा ट्रेलर,
गुरुवारी टाकून आले.
त्याने सुकवलेला कॉड दिला कागदात बांधून,
गाठ अशी की शेवटी कात्री लागली.

शुक्रवारी रात्री त्याचा मेसेज आला,
एवढाच:
गुनवोरने खिडकी उघडायला लावली.